सतरावी ओळ

"सर, सतरा नंबर कोनाचा आहे?"

विचारून झालं आणि उर्वशी कटरेला वाटलं, आता एक तर खडूचा तुकडा येऊन कपाळावर बसेल, नाही तर अख्खा वर्ग हसेल. दोन्हीतलं काही झालं नाही. बोपचे सरांनी हजेरीपटावरून मान वर केली नाही. पेनाचं टोपण बसवलं, पुन्हा काढलं, आणि म्हणाले, "अठरा."

अठरा नंबरचा भूपेंद्र रोज 'येस सर' असा ओरडायचा की छपराच्या टिनांवरची कबुतरं उडायची. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "हजर."

पैज गुपचुपची होती, म्हणजे पाणीपुरीची. केशोरीच्या आठवडी बाजारात ठेला लागतो, त्याच्यावरच्या दोन प्लेटा. लावल्या होत्या रुचि पटलेनं, आणि साक्षीला होती खुशबू मडावी. कारण वर्षभर सगळ्या अकरावी विज्ञाननं ऐकलं होतं: सर सोळा म्हणतात, एक दम घेतात, आणि अठरा म्हणतात. पटावर शेवटचा नंबर बेचाळीस, आणि वर्गात पोरं-पोरी मोजून एक्केचाळीस. कोणी म्हणे छपाईची चूक. कोणी म्हणे सरांना सतरा आकडा लाभत नाही. विचारायची हिंमत मात्र कोणाची नव्हती, आणि उर्वशीची ती नवीकोरी होती, जेमतेम दोन महिन्यांची. सव्वीस जानेवारीला सूत्रसंचालन करणारी पोरगी ऐनवेळी तापानं पडली, आणि जिचा आवाज आजवर दुसऱ्या बाकापर्यंत जात नव्हता त्या उर्वशीच्या हातात माइक आला. तेव्हापासून तिची जीभ जी सुटली ती सुटलीच. घरी माय म्हणायची, "हिच्या तोंडाले झाकन बसवा रे कोनी."

तास संपला तसे सर दाराशी थांबले. "कटरे, तुझं अक्षर चांगलं आहे. वार्षिक झाली की निकालाच्या कामाले ये. गणिताचा तक्ता तू लिहायचा."

"मी, सर?"

"ज्यानं विचारलं त्यानंच लिहिलेलं बरं," सर म्हणाले आणि निघून गेले.

रुचिनं कोपर मारलं. "बाप्पा! आता तर ही आपल्याले पास-नापास करन!"

"तुले तर नापासच करीन, गुपचुप नाही चारले तर."

तिघी हसल्या. म्हणजे दोघी हसल्या. खुशबू वहीचा कोपरा दुमडत म्हणाली, "मले पस्तीस देजो वं. छत्तीस नको. पस्तीसच दे."

खुशबूचं पस्तीस ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हतीच. ती जंगलपट्टीतली. बाप केवलराम रोपवाटिकेत मजुरीला जायचा. खुशबू मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची, आणि तिथला नियम एका ओळीचा होता: नापास झाली की खाट सुटली. खाट सुटली की गाव, आणि गावाहून कॉलेजला यायला दिवसातून एक एस.टी., तीही नाल्याला पाणी नसलं तर. बाकी विषयांत खुशबू पोहून निघायची. गणितात नाकातोंडात पाणी जायचं. म्हणून दर शनिवारी उर्वशी तिला घरी आणायची, ओट्यावर बसवून गणितं करून घ्यायची, आणि माय तिच्या ताटात विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा भात वाढायची.

उर्वशीचीही एक बोली होती, बापाशी. हुकुमचंद कटरे धानाचा शेतकरी, बोलणं कोयत्यासारखं. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडी सांगून टाकलं होतं, "गणितात नव्वद पाड, गोंदियाले कोचिंगले टाकतो. खोली करून देतो. एकोननव्वद आले त इथंच राह्य." गोंदिया म्हणजे स्वतःची खोली, स्वतःची चावी, रस्त्यावर हिंदीत फाडफाड बोलणाऱ्या पोरी. उर्वशी आरशासमोर उभी राहून हिंदीत रिक्षावाल्याशी भांडायची तालीमसुद्धा करून बसली होती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सरांचं बोलावणं आलं.

दुपारचे बारा. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळेच्या बाजूच्या खोलीत कूलर खडखडत होता आणि ओल्या वाळ्याचा वास सुटला होता. खिडकीतून इटियाडोहचा कालवा दिसत होता, उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं, आणि पलीकडच्या अंगणांत वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जरासा आंबूस वास उन्हावर स्वार होऊन आत येत होता. टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाल पेनं, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर आणि चादरीएवढा तक्ता.

सरांनी काम समजावून सांगितलं. पहिली चाचणी पंचवीसची, सत्र पन्नासचं, दुसरी चाचणी पंचवीसची, वार्षिक शंभरची. बेरीज दोनशेपैकी, तिला भागिले दोन. तो शेवटचा गुण.

"अर्धा आला त पुढे ओढायचा. साडेचौतीस म्हणजे पस्तीस. चौतीस म्हणजे चौतीस."

"आनी चौतीसवाला नापास?"

"त्याची उत्तरपत्रिका मी पुन्हा उघडतो. शोधलं की एखादा गुण सापडतेच. वीस वर्षांत मी गणितात कोनाले नापास नाही केलं." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं नाही. थकल्यासारखं सांगितलं. "आडव्या बेरजा झाल्या की उभ्या करायच्या. दोन्हीकडून एकच आकडा आला पाहिजे. आनी हे."

त्यांनी रुमालातून एक लाकडी पट्टी काढली. फूटभर लांब, हात लागून लागून तिच्यावरचे आकडे पुसलेले. तक्त्यात सोळाव्या नावाखाली एक ओळ कोरी होती. सरांनी पट्टी तिच्यावर आडवी ठेवली. ती एवढी नेमकी बसली की जणू सुतारानं त्या ओळीचं माप घेऊनच केली असावी.

"ही उचलायची नाही."

"काऊन सर?"

"मी आलो तेव्हा आधीचे सर ही एकतिसाव्या ओळीवर ठेवायचे," सर म्हणाले. आणि एवढ्यानं उत्तर देऊन झालं असं समजून बाटली भरायला निघून गेले. पाण्याची टाकी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

उर्वशीनं बाह्या वर केल्या. असलं काम तिला आवडायचं. आकड्यांच्या रांगा, खाली दुहेरी रेघ, आणि सगळी कॉलेजातली शहाणी-वेडी डोकी तिच्या एका पेनाखाली. नवव्या ओळीवर ती स्वतः होती: तेवीस, चव्वेचाळीस, चोवीस, अठ्ठ्याऐंशी. एकशे एकोणऐंशी. अर्धे केले तर साडेएकोणनव्वद. पुढे ओढले की नव्वद! तिनं टेबलावर दोन्ही हातांनी ढोलकं वाजवलं. तेविसाव्या ओळीवर खुशबू: सात, अठरा, आठ, छत्तीस. एकोणसत्तर. साडेचौतीस. पस्तीस!

"बाप्पा रे बाप्पा," ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "काय काठावर आली पोरगी."

आडवी बेरीज झाली: चार हजार सहाशे पंचावन्न. उभीही तेवढीच आली. काम फत्ते. सर अजून परतले नव्हते. पट्टी समोर होती.

आणि महिन्यापूर्वी जी पोरगी अख्ख्या वर्गासमोर उभी राहून विचारू शकली, तिनं पट्टी उचलली नसती तरच नवल.

खाली काही नव्हतं. कोरे चौकोन. तिला थोडा रागच आला. गंमत म्हणून तिनं पहिल्या चाचणीचा रकाना पुन्हा कॅल्क्युलेटरवर घेतला. मघाशी पाचशे चौऱ्याहत्तर होते.

पाचशे ब्याऐंशी आले.

पुन्हा केलं. पाचशे ब्याऐंशी. मग तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारक्या आकड्याकडे गेलं. किती संख्या दाबल्या ते तिथं दिसतं. तिथं बेचाळीस होतं. दाबल्या होत्या तिनं एक्केचाळीस, बोट ठेवून, एकेक. तिनं तपासणीचं बटण दाबत दाबत पहिलीपासून एकेक पायरी पुन्हा पाहिली. चौदा. पंधरा. सोळा. सतराव्या पायरीवर आठ होते.

तिनं आठ दाबले नव्हते. सोळाव्या आणि अठराव्या ओळीत कुठंही आठ नव्हते.

तिनं पट्टी परत ठेवली. पाचशे चौऱ्याहत्तर. काढली. पाचशे ब्याऐंशी.

दुसरी कोणी असती तर त्या क्षणी पळाली असती. उर्वशीला मात्र वाटलं, आता आली मजा. तिनं प्रत्येक रकाना पट्टी ठेवून आणि पट्टी काढून केला आणि फरक वहीच्या मागच्या पानावर मांडले. आठ. सोळा. नऊ. पस्तीस. त्या कोऱ्या ओळीत कोणीतरी चारही परीक्षा दिल्या होत्या, आणि बऱ्यापैकी वाईट दिल्या होत्या. बेरीज अडुसष्ट. भागिले दोन, चौतीस.

एका गुणानं नापास.

"अरेरे," उर्वशी म्हणाली. खरोखर, मनापासून. रकान्यावर बोट ठेवलं तर कागद ओला लागला, आणि कालव्याच्या तळाशी असतो तसा गाळाचा वास आला. कूलर चालू होता, पण त्याची खडखड दूर गेल्यासारखी झाली होती. तिला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली ती कीव, आणि कीवेच्या खाली एक गुदगुली: इथं बसून कोणाला पास करायचं हे मी ठरवू शकते. सर नाही का करत? चौतीसवाल्याला सर एक गुण शोधून देतातच. मग ह्या बिचाऱ्याला कोणी कधी का देऊ नये?

तिनं पेन्सिल घेतली आणि सतराव्या ओळीत, दुसऱ्या चाचणीच्या चौकोनात, बारीकसा एक लिहिला.

"घे," ती म्हणाली. "पास."

कूलरची खडखड परत जवळ आली. मोहफुलांचा वास परत आला. उर्वशीनं पट्टी जागेवर ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन शेवटची म्हणून आडवी बेरीज पुन्हा केली.

चार हजार सहाशे चोपन्न.

एक कमी. तिनं वरपासून एकेक ओळ तपासली. नवव्या ओळीवर तिचे एकशे एकोणऐंशी तसेच होते. बाविसावी बरोबर. तेविसाव्या ओळीत लिहिलं होतं: सात, अठरा, आठ, पस्तीस.

अक्षर तिचंच होतं. शाई वाळलेली होती. तिनं खुशबूची उत्तरपत्रिका ओढून काढली. पहिल्या पानावर सरांच्या लाल शाईत, गोल केलेले, पस्तीस.

अडुसष्ट. चौतीस.

तिनं रबर घेतला आणि सतराव्या ओळीतला पेन्सिलचा एक खोडला. कागदाची साल निघेपर्यंत खोडला. बेरीज बदलली नाही.

सर दारात उभे होते. हातात बाटली. त्यांनी आधी पट्टीकडे पाहिलं नाही. उर्वशीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना तेवढं पुरलं.

"कोनाचा गेला?"

"खुशबूचा. सर, मी फक्त एक... तुम्ही देता ना, सर, तसाच. तिची उत्तरपत्रिका उघडा ना. एक गुण."

सर बसले. त्यांनी खुशबूची पत्रिका उघडली, तिसऱ्या प्रश्नात अर्धवट राहिलेल्या उदाहरणाला एक गुण दिला, वर पस्तीस काटून छत्तीस केले. तक्त्यात छत्तीस केले. दोघांनी मिळून बेरीज केली. सात, अठरा, आठ, छत्तीस.

अडुसष्ट.

लिहिलेलं छत्तीसच होतं. दोघांनी तीनदा केली.

"आता तिले दिलेला तिच्याजवळ राहनार नाही," सर म्हणाले. "दुसऱ्याचा द्यावा लागते."

"मग भूपेंद्रचा घ्या ना. एकशे बेचाळीस आहेत त्याले."

"एकशे एक्केचाळीस झाले तरी त्याले एकाहत्तरच भेटतात. त्याचं काही गेलं नाही. तसा चालत नाही." सरांनी टोपण बसवलं, काढलं. "अर्ध्यावर असून ज्याचं खरंच काही जाते, त्याचाच चालते. ह्या तक्त्यात तसा एकच आहे."

ते नवव्या ओळीकडे बघत नव्हते. पण खोलीत दुसरीकडे बघायलाही काही नव्हतं.

एकशे एकोणऐंशीतून एक गेला तर एकशे अठ्ठ्याहत्तर. भागिले दोन. एकोणनव्वद.

"सर," उर्वशीनं विचारलं, आणि तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही गेला नसता, "एकतिसाव्या ओळीच्या वेळी तुम्ही काय केलं होतं?"

"मी काहीच नाही केलं," सर म्हणाले. "काहीच नाही केलं की होऊनच जाते."

मग त्यांनी भरलेली बाटली उचलली, खिडकीतून बाहेर ओतली, आणि रिकामी घेऊन पुन्हा टाकीकडे निघाले.

उर्वशीनं तक्ता जवळ ओढला.

एक गुण. पेनाचा एक फटका. नव्वदाचे एकोणनव्वद, आणि खुशबूची खाट शाबूत.

तिला खोलीची चावी दिसली. पितळेची, लाल दोरा बांधलेली. बाप एकोणनव्वदला ऐकणारा नव्हता. कोयता म्हणजे कोयता.

आणि खुशबू बारावीत तरी निघाली असती का? नसतीच निघाली. मग एक वर्ष आधी काय आणि नंतर काय. शिवाय गुण चोरला तो आपण नाही. आपण तर देत होतो. देणाऱ्याला कोणी दोष देत नाही.

असे विचार एकदा यायला लागले की किती भराभर येतात, याचं तिला नवल वाटलं.

तिनं लाल पेन घेतलं. आपल्या नव्वदाभोवती गोल केला. मग त्यावरून दुसरा, जाड.

पट्टी उचलली.

तेविसाव्या ओळीवर ठेवली.

नेमकी बसली.

उभी बेरीज, आडवी बेरीज. जुळली. सतरावी ओळ आता भरलेली होती, उर्वशीच्याच सुबक अक्षरात: आठ, सोळा, दहा, पस्तीस. नावाच्या रकान्यात नाव होतं. तिनं ते वाचलं, आणि वाचून होताच विसरली.

निकाल मे महिन्याच्या पहिल्या तारखेला होता, झेंडावंदन आटोपल्यावर. सकाळी उर्वशी नेहमीसारखी वसतिगृहाच्या फाटकावर थांबली. खुशबू बाहेर आली. तिनं केसांना तेल लावून दोन वेण्या घट्ट बांधल्या होत्या. तिचा हात भर उन्हाळ्यात गार होता.

"झाले ना वं पस्तीस? खरं सांग."

"झाले ना," उर्वशी म्हणाली. "सांगितलं तर खरं तुले."

"वॉर्डनबाई रोज विचारून राहिल्या. मी म्हनलं, उर्वशीनं लिहिला तक्ता." खुशबू हसली. "मायनं जेवाले बोलावलं ना आज?"

"हो."

वर्गात तिघी एकाच बाकावर बसल्या, रुचि, उर्वशी, खुशबू. सरांनी प्रगतिपत्रकांचा गठ्ठा सोडला आणि नंबरानं नावं घ्यायला लागले. नवव्या नंबरला त्यांनी पत्रक उर्वशीच्या हातात दिलं आणि डोळ्याला डोळा दिला नाही. चौदा. पंधरा. सोळा.

"सतरा," सर म्हणाले. दम न घेता.

शेवटच्या बाकावरून एक पोरगी उठली. वर्गात कोणाची मान वळली नाही, जशी रोजच्या माणसासाठी वळत नाही. केस ओले, ओढणीचं टोक ओलं, पायाखाली फरशीवर ठिपके. तिनं पत्रक घेतलं, आणि परत जाताना उर्वशीजवळ क्षणभर थांबून मैत्रिणीकडे बघावं तसं हसली. कालव्याच्या गाळाचा वास आला.

"हिचं झालं बाप्पा एकदाचं," रुचि कुजबुजली.

"नाव का वं हिचं?"

"चाल! मस्करी नको करू. अख्खं वर्ष..." रुचि म्हणाली, आणि पुढचं काही तिच्या तोंडात आलं नाही, आणि आलं नाही याचंही तिला काही वाटलं नाही.

वीस. एकवीस. बावीस.

खुशबूनं तळहात ओढणीला पुसले. एक हात बाकावर टेकवून ती अर्धी उठली.

सरांनी एक दम घेतला.

"चोवीस."

खुशबू तशीच राहिली, अर्धी उठलेली. "माह्यं राहिलं वाटते," ती हळूच म्हणाली. मग, "उर्वशी?"

उर्वशीनं फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता. ती त्याच्याकडे एवढं लक्ष देऊन बघत राहिली की जणू त्यावर उद्याची परीक्षा लिहिली आहे.

"उर्वशी, सांग ना सरांले. उर्वशी वं."

पंचवीस. सव्वीस.

सत्ताविसाव्या नंबरला खुशबूचा आवाज थांबला. तिसाव्या नंबरला उर्वशीनं मान वळवली. बाक रिकामा होता. लाकडावर घामाचा एक पंजा उमटला होता, पाच बोटांचा, आणि तो कडेनं आत वाळत चालला होता. आधी अंगठा गेला. मग करंगळी.

बाहेर पडताना रुचि तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "एक सांग वं. सर रोज बावीसनंतर दम काऊन घेतात? तेवीस कधीच नाही म्हनत. तू विचार ना. तू विचारू शकते. दोन प्लेट गुपचुप देईन."

घरी हुकुमचंदांनी पत्रक दोनदा वाचलं, एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्यावरून. "नव्वद," ते म्हणाले. मग शेजाऱ्याला ऐकू जाईल असं, "नव्वद!" सडक अर्जुनीहून आणलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांनी स्वतः सोडला. उद्याच गोंदियाला जाऊन खोली बघायची, असं ठरवूनही टाकलं.

मायनं ताटं मांडली. चार.

उर्वशी मोजत होती. बाप, माय, ती. चौथं ताट ओट्याच्या बाजूनं मांडलं होतं, आणि त्यात भात दुसऱ्यांदा वाढल्याएवढा होता.

"हे कोनाचं वं माय?"

मायनं ताटाकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली, एवढीशी, दूध उतू जाताना उठावं पण का उठलो ते आठवू नये, तशी. "अवं, चुकून मांडलं," ती म्हणाली. "हाताले का झालं माह्या कोनजाने." तिनं तो भात परत भांड्यात घातला, ताट पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं.

तिघं जेवायला बसले. उर्वशीनं पहिला घास घेतला नाही.

"बाबूजी," ती म्हणाली. आवाज माइकवरच्यासारखा स्वच्छ आला, सव्वीस जानेवारीला आला होता तसा. "मी गोंदियाले नाही जात."

"का म्हनते?"

"इथंच करीन बारावी. पुढच्या साली अकरावीचा गणिताचा तक्ता मीच लिहीन. सरांले सांगून आली."

"मग नव्वद कायले पाडले?" हुकुमचंदांचा हात ताटावरच थांबला. "मास्तराचं काम तू कायले करते? त्याले पगार नाही का?"

"तेवीस नंबर कोरा आहे, बाबूजी. त्याले एक गुण कमी पडून राहिला." तिनं आता भात कालवला, शांतपणे, कडेपासून आत. "सर पट्टी ठेवतात. मी नाही ठेवनार; दुसऱ्याचा एक उचलून तेवीसले देईन. चाळीस पोरांत कोनी ना कोनी अर्ध्यावर असतेच."